तेलाचा वास

१

दसऱ्याच्या दुपारी साडेतीन वाजता जानकूला पाण्यातून वर काढले, तेव्हा त्याच्या पाठीवरच्या टाकीत निम्म्याहून अधिक हवा शिल्लक होती. पंचनाम्यात हा आकडा नोंदवलेला होता, पण त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता. हवा संपल्यामुळे माणूस मरतो हे समजण्यासारखे आहे. हवा असताना, दोर कमरेला बांधलेला असताना, चाळीस फुटांवर रोजचे काम करणारा माणूस गप्प का होतो, हा प्रश्न होता.

कागदावर मात्र उत्तर आधीच उतरले होते: ‘मयताने स्वतःचे जुने उपकरण वापरले. खंडेनवमीस पत्नीने सदर उपकरणास तेल लावल्याने श्वास कोंडून, बुडून मृत्यू.’

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला धरणाच्या फुगवट्यावर आमच्या उपसा सिंचन संस्थेचे पंपघर आहे. पंपाच्या तोंडाची जाळी चाळीस फूट खोल असते. शेवाळ आणि मासेमारीची तुटकी नायलॉन जाळी तिच्यात अडकली की पाणी बंद पडते. ती साफ करायला जानकू उतरत असे. त्याचे जुने गाव त्याच पाण्याखाली गेलेले. “साहेब, चुलत्याच्या वट्यावर बसून जाळी साफ करतो म्या,” असे तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मी पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी शाखेत एकतीस वर्षे दरवाजे आणि पंप पाहिले. निवृत्तीनंतर अवसरी बुद्रुकला राहतो. संस्थेचा मानद तांत्रिक सल्लागार म्हणून माझे नाव त्यांच्या फलकावर आहे: सावळेराम हिंगे.

जानकूच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी सखूबाई, त्याची बायको, तीन एसट्या बदलून माझ्या दारात आली. पाणी दिले, ते घेतले नाही.

“साहेब, लांबण नाय लावीत. येकच इचारायचंय. म्या मारलं का त्यान्ला?”

२

मी तिला ओसरीवर बसवले आणि खंडेनवमीच्या दिवशी काय केले ते क्रमाने सांगायला सांगितले.

“ह्यांनी सकाळी सामान धुतलं. कोयता, इळा, दोर, आन ती तोंडात धरायची नळी. समदं पाटावर मांडलं. म्या हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाह्यलं.”

“तेल?”

“तेल लावायचंच न्हाई, आसं त्येच म्हनायचे. इळ्या-कोयत्याला लाव, पर नळीला नगं. तुमीच सांगितलं व्हतं म्हनं, हवंच्या सामानाला तेल इख.”

“मग लावले नाहीत ना?”

तिने हाताचा तळवा माझ्यापुढे धरला.

“निरंजनात तेल घातलं व्हतं. त्योच हात नळीला लागला आसंल. पुसला व्हता का न्हाई, ध्यानात येईना. पंधरा दीस झालं साहेब, त्योच हात बघतीय. सासू म्हनती, हिच्या हातचं पाणी बी नगं. रुपालीला, माझ्या लेकीला, नणंदंनं नेलंया. म्हनली, आईच्या हाताखाली पोर नगं.”

सखूबाई जिला नळी म्हणत होती तो रेग्युलेटर, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडात देणारा झडपेचा भाग, जानकूने माझ्याच सांगण्यावरून मास्कसह विकत घेतला होता. त्याआधी पुण्याच्या एका दुकानातून सगळाच संच भाड्याने येई. त्याच्या मापाचा मास्क कधी मिळत नसे, आणि शंभर जणांच्या तोंडातून आलेली झडप कोणी कशी हाताळली हे कळत नसे. तेव्हा मी त्याला एक नियम सांगितला होता: “तोंडात जाते ते आपले असावे, पाठीवर चढते ते भाड्याचे चालेल.” टाकीची दाबचाचणी दुकानाने करावी, झडपेची निगा आपण राखावी, असा त्यामागचा हिशेब. त्याने तो नियम पाठ केला होता आणि पोरांना सांगताना तो स्वतःचाच असल्यासारखा सांगे.

“तेल लावल्याचे पोलिसांना कोणी सांगितले?” मी विचारले.

“भरतनं. पंपावरचा. पर त्यो तरी कुठं खोटं बोलला? ह्येच म्हनले व्हते त्येला, पाण्यात जायच्या आदी.”

“काय म्हणाले होते?”

“‘सखूनं तेल लई लावलंय, वास येतोया.’ आन हसले म्हनं.”

३

चौकीतले हवालदार धर्माजी माझ्या ओळखीचे. उपकरण मुद्देमालाच्या कोठडीत गोणपाटात बांधलेले होते. त्यांनी माझ्यासमोर ते सोडले आणि खुर्ची ओढून बसले.

“बघा राव. पण आता त्यात काय राहिलंय? बाईनं भक्तीनं केलं, नशिबानं उलटलं. कुणाला बोल लावणार?”

“बाईला लावला आहेच की तुम्ही. कागदावर.”

“आम्ही नाय, जबाबानं लावला. चेअरमन सयाजीरावांनी स्वतः उभं राहून पंचनामा करून घेतला. एवढा मोठा माणूस दसऱ्याचं सोनं वाटायचं सोडून आला!”

मी रेग्युलेटर पूर्ण उघडला. आत तेल गेले असते तर रबरी पडदा फुगलेला, चिकट झालेला दिसला असता, आणि त्यावर धूळ बसली असती. पडदा कोरडा होता. झडपेची बैठक स्वच्छ होती. बाहेरच्या कवचाच्या खाचेत कुंकवाची एक बारीक रेघ तेवढी उरली होती, पाण्यालाही न गेलेली. मी त्या भागांना एकेक करून नाक लावले. रबराचा वास, दुसरा कसलाही नाही.

“आता टाकी,” मी म्हणालो.

टाकी संस्थेची होती. रेग्युलेटर न जोडता, झडपेच्या तोंडावर ओला पांढरा रुमाल धरून मी चावी अगदी थोडी फिरवली. हवा फुसफुसत रुमालातून आली. धर्माजींनी नाक पुढे केले आणि लगेच मागे घेतले.

“ही तर रिक्षामागं उभं राहिल्यावाणी!”

म्हणजे जानकूला वास आला होता हे खरे. तो त्याच्या नळीचा नव्हता, टाकीतल्या हवेचाच होता. घरात नुकतीच पूजा झालेली, म्हणून त्याला वाटले की बायकोच्या तेलाचा असेल. त्याने थट्टा केली आणि उतरला.

चाकणच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून मी विषारी वायू तपासायच्या काचनळ्या आणल्या होत्या. धुरातला कार्बन मोनॉक्साइड असला की नळीतली पूड रंग बदलते. एक नळी लावली. पूड टोकापर्यंत काळवंडली. हा वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. माणसाला दम लागत नाही, गुदमरत नाही. डोके जड होते, मग शुद्ध जाते. पाण्याच्या दाबाखाली हे सगळे फार लवकर होते.

“धर्माजी, प्रेत तुम्ही पाहिलेत. ओठ कसे होते?”

“लालबुंद. आम्ही म्हणालो, विडा खाऊन उतरला असंल. दसरा ना.”

“ही टाकी कुठे भरली, ते तुम्ही विचारलेत का?”

“पुण्याला कोण जातंय आता? औंदा संस्थेनं स्वतःचं यंत्र घेतलंय की. तुम्हीच पास केलंय म्हणतात.”

४

यंत्र मीच पास केले होते, हे खरे.

पुण्याला टाकी भरायला जाण्यात एक दिवस मोडतो, म्हणून सयाजीरावांनी मुंबईतल्या एका लिलावातून पेट्रोल इंजिनाचा उच्चदाबाचा कॉम्प्रेसर आणला. एप्रिलमध्ये मी त्याची जोडणी तपासली. इंजिन पंपघरात होते, म्हणून हवा ओढणारी नळी खिडकीतून बाहेर काढून बारा फूट बांबूवर चढवायला लावली. इंजिनाचा धूर आणि श्वासाची हवा एकमेकांना भेटता कामा नयेत, एवढीच माझी अट होती.

मी पंपघरात पोहोचलो तेव्हा नळी बांबूवर होती. अगदी सरळ, नव्या सुतळीने बांधलेली.

भरत पंपचालक, तिशीतला. मला पाहताच त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“या साहेब. च्या ठिवू?”

“नको. दसऱ्याच्या दिवशी टाकी कोणी भरली?”

“म्याच. सकाळी.”

“नळी कुठे होती?”

“ही काय, हितंच. बांबूवर.”

“खाली उतरव.”

त्याने सुतळी सोडली. नळीच्या तोंडाला धूळ थांबवणारी नमद्याची चकती असते. मी पकडीने ती बाहेर ओढली. तिच्यात झेंडूची एक सुकलेली पाकळी रुतून बसली होती.

“ही पाकळी बारा फूट उडाली का रे?”

मी नळीचे तोंड उजेडात धरले. कडेला कुंकवाचे बोट लावलेले होते आणि त्या कुंकवावर काजळी होती. कुंकू खाली, काजळी वर. बोट लावले नवमीला. म्हणजे नवमीनंतर केव्हातरी हे तोंड धुरात होते. बाहेर बांबूच्या टोकावर धूर पोहोचत नाही. मी कॉम्प्रेसरशेजारची फरशी पाहिली. इंजिनाच्या धुराड्यापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकवलेला एक लाकडी पाट होता. त्याच्या एका कडेलाही तशीच काजळी होती.

“नवमीला काय केलंस, भरत? सगळं सांग. माझ्यासमोर नाही सांगितलंस तर धर्माजींसमोर सांगावं लागेल.”

तो पाटाकडे बघत बोलू लागला.

“खंडेनवमीला समदं यंत्र धुतलं साहेब. नळी खाली घेतली, साबणानं धुतली, पाटावर गुंडाळून ठिवली. पूजा मांडली. मांडलेली पूजा हालवायची नसती. दसऱ्याला सोनं वाटल्यावर सांच्याला सभासद जमून आरती करनार, मंग उचलनार, आसं ठरलं व्हतं. दरसालचं हाय.”

“आणि टाकी सकाळीच का भरलीस?”

“जाळी तुंबली व्हती. कांद्याचं रोप सुकाया लागलं, लोकं कावली व्हती. सयाजीआबा आले, म्हनले, जानकूला बोलवलाय, टाकी भर. म्या म्हनलं, आबा, नळी पाटावर हाय, पूजा मोडंल. तर त्ये म्हनले…”

तो थांबला. बाहेर जीप उभी राहिल्याचा आवाज आला होता.

५

सयाजीराव आत आले ते हसतच. साठी उलटलेले, पांढरे धोतर, संस्थेचे अकरा वर्षे चेअरमन.

“काय सल्लागार! वर्दी न देता? सांगितलं असतं तर हुरडा ठेवला असता.”

“दिवाळीच्या सुमारास हुरडा नसतो, आबा.”

“तुमचं शिक्षण जास्त, आमचा हिशेब चुकतोच.” त्यांची नजर माझ्या हातातल्या नळीवर गेली आणि हसू तिथेच विरले. “काय बोलला हा?”

“बोलत होता. तुम्ही काय म्हणालात तिथे थांबलाय.”

“मी सांगतो की. मी काय लपवतोय? मी म्हणालो, पूजा मोडू नको, नळी आहे तिथं राहू दे, दार उघडं टाक, वीस मिनिटांचं काम. देवाचं मांडलेलं मोडायला सांगू का मी? दुसरा चेअरमन असता तरी हेच बोलला असता. तुम्ही असता तर तुम्हीही.”

ते शेवटचे खोटे होते, पण आधीचे सारे मला खरे वाटले. त्या सकाळी त्या पंपघरात कोणाच्याही मनात पाप नव्हते. हळदकुंकू लावलेली नळी कोणी पाटावरून उचलली नाही, इतकेच. त्यांच्या रागावण्यात खरेपणा होता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते.

“ते सकाळचे झाले,” मी म्हणालो. “नंतरचे सांगा. नळी बांबूवर केव्हा गेली?”

उत्तर भरतने दिले, खाली मान घालून.

“प्रेत काठावर व्हतं तवाच. आबा म्हनले, नळी वर चढीव, नवी सुतळी घे. आन त्येलाचं जानकू बोलला त्ये हवालदाराला सांग. म्हनले, खोटं थोडंच हाय?”

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळले होते, आबा.”

“संशय आला होता. कळणं वेगळं.” त्यांनी खुर्ची ओढली. “साहेब, संस्थेवर अडीचशे घरं आहेत. संस्थेच्या यंत्रानं माणूस मेला असं निघालं तर यंत्राला, पंपघराला, सगळ्याला कुलूप. रोपं जळणार. आणि बाईचं काय? तिला कोणी फाशी देणार होतं का? बायकोनं भक्तीनं तेल लावलं, गुन्हा नाही. चार दिवस गाव बोलेल, विसरेल.”

“तिची लेक नेली आहे नणंदेने.”

“ते घरचं आहे त्यांच्या.”

मी भरतकडे वळलो. “टाकी भरायची वही आण.”

ही वही मीच सुरू करायला लावली होती. प्रत्येक भरणीला एक ओळ: तारीख, दाब, ‘नळी खिडकीबाहेर तपासली’, आणि तपासणाऱ्याची सही. दसऱ्याला मी तिथे नव्हतो, तेव्हा कोणी सही केली असेल तर ती खोटी ठरेल आणि कोणाच्या सांगण्यावरून केली ते कागदावर येईल, असा माझा विचार होता.

भरत वही देईना. सयाजीरावांनी ती त्याच्या हातातून घेतली, पान उघडले आणि माझ्यासमोर धरले.

“वाचा साहेब. मोठ्यानं वाचा.”

६

दसऱ्याच्या ओळीत ‘नळी खिडकीबाहेर तपासली’ यापुढे सही होती: सा. हिंगे.

अक्षर माझेच होते, कोणी नक्कल केलेली नव्हती. भाद्रपदात, गणपतीच्या आठवड्यात, मी गुडघ्याच्या दुखण्याने येऊ शकत नव्हतो. भरत वही घेऊन अवसरीला आला होता. “साहेब, दर बारीला यायला तुमास्नी तरास. सही नसली तर आबा भरू देत न्हाईत.” मी त्याला चहा दिला आणि पुढच्या बारा ओळींवर सह्या केल्या. नळी तर बांबूवर पक्की बांधलेली आहे, ती कुठे जाते, असे मी म्हणालो होतो. मग त्या सह्या मी विसरूनही गेलो. दसऱ्याची भरणी त्यातली नववी.

माझी सही नसती तर त्या सकाळी भरतला मला बोलवावे लागले असते. मी आलो असतो, तर पूजा मोडायला लावली असती. हा निष्कर्ष काढायला काचनळी लागत नाही.

“आता?” सयाजीराव हळू आवाजात म्हणाले. “आता तेलच राहू द्यायचं का, साहेब?”

मी वही पिशवीत घातली. त्यांनी अडवले नाही. मी ती बाहेर काढणार नाही, अशी त्यांची खात्री असावी.

जानकूचे घर पंपघरापासून दीड मैल वर, पुनर्वसनातल्या पत्र्याच्या घरांच्या ओळीत. सखूबाई दारात नाचणी पाखडत होती. सासू आतल्या अंधारात पाठ करून बसलेली. मी उभ्यानेच सगळे सांगितले: टाकीतला धूर, पाटावरची नळी, पाकळी, कुंकवावरची काजळी. तेल नव्हतेच. तिच्या हाताचा काही संबंध नव्हता.

सासूची पाठ हलली नाही, पण ती ऐकत होती हे कळत होते.

सखूबाईने सूप खाली ठेवले. रडली नाही. “मंग पूजेनंच मेले म्हना की. माझ्या न्हवं, तुमच्या पंपावरच्या.”

“हो.”

“तिथं नळी बगायला कुनी नसतं?”

मी वही उघडून तिला ती ओळ दाखवली. तिला वाचता येत नव्हते. म्हणून मी बोट ठेवून सांगितले, ही माझी सही, ही मी न पाहता केली.

ती त्या अक्षरांकडे, मी नळीच्या तोंडाकडे पाहिले होते तितक्याच बारकाईने पाहत राहिली.

“मला येकटीला सांगून काय उपेग? गावात सांगनार का?”

“उद्या संस्थेच्या सभेत सांगतो. मग चौकीत लेखी देतो.”

दुसऱ्या दिवशी सभेत मी अहवाल वाचला. जबाबदारांच्या यादीत पहिले नाव माझे घातले, दुसरे सयाजीरावांचे, तिसरे भरतचे. कोणी आरडाओरड केली नाही. एक जण एवढेच म्हणाला, “साहेब, मेलेला काय परत येतो? रोपाला पाणी कवा सोडताय ते बोला.” पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. धर्माजींनी माझा जबाब घेतला. प्रकरण पुन्हा उघडायचे की नाही ते वरून ठरेल, असे ते म्हणाले. अजून ठरलेले नाही. सयाजीराव चेअरमन आहेत. फलकावरचे माझे नाव मात्र त्यांनी आठवड्याच्या आत पुसून घेतले.

रुपाली महिन्याने आईकडे आली. सासूने तिला पाठवण्यासाठी कोणाला सांगितले, काय सांगितले, मला माहीत नाही. सखूबाईच्या हातचे पाणी सासू अजून घेत नाही, असे ऐकतो.

मुद्देमाल सुटला तेव्हा जानकूचा रेग्युलेटर मीच चौकीतून आणून सखूबाईला दिला. मास्कही. तिने दोन्ही पदराने पुसले, भिंतीच्या खुंटीला टांगले आणि माझ्याकडे न बघता बोलली.

“साहेब, त्ये पोरान्ला तुमचं बोलनं सांगायचे. तोंडात जातं त्ये आपलं आसावं, पाठीवर चढतं त्ये भाड्याचं चालंल.”

“हो. मीच सांगितले होते.”

“मंग हवा कुठं जाती, साहेब? पाठीत का तोंडात?”

तिने सूप उचलले आणि पुन्हा नाचणी पाखडू लागली. उडालेला कोंडा माझ्या पायांवर पडत होता, तरी मी बराच वेळ तिथेच उभा होतो.